सहावं रीळ

४ डिसेंबर ८३, रविवार
रीळ फुकट पडलं असं आज चौघांना सांगून आलो. खरा हिशेब इथं लिहितो, ही वही कुसुम वाचत नाही. (बहुतेक वाचते.)
नागपूरच्या तीन खेपा. आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या दोन पेट्या, हातानं निवडलेल्या. भंगारवाल्या कादरभाईच्या पोरीच्या लग्नात दोन दिवस माझे भोंगे, माझी आवाजाची मशीन, अन् मशीनजवळ मी स्वतः. घरी एक थाप: 'प्रोजेक्टरच्या दिव्याचे कार्बन आणायला जातो.' माझ्या पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये दोन महिने पुरतील इतके कार्बन पडले आहेत, हे कुसुमला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. सगळ्यात महाग थापच पडणार.
मिळालं काय? गंजका डबा एक. वर खडूनं ६. 'कोरं पाकीट' ह्या बोलपटाचं सहावं रीळ. बाकीच्यांचं काय झालं विचारलं तर कादरभाई म्हणे, "पुरानी फिल्म में से चांदी निकलती है सेठ. बाकी पट्टी की चूडियां बन गई." म्हणजे लढाईच्या आधीचा आख्खा सिनेमा कोणा कोणा बायांच्या हातात वाजून फुटला.

६ डिसेंबर
कुसुम: "कार्बन आणले?" मी: "आणले." कुसुम: "डब्यात?"
मग सांगितलं सगळं. रागावली नाही. म्हणे, "वेणूताईसाठी आणलं नं, मंग थाप काऊन मारली? मी का नाही म्हटलं असतं?"
खरंच काऊन मारली? सवय.

९ डिसेंबर
वेणूताई डोंगरे. गेल्या वर्षी सौंसरच्या गणपतीत भोंगे लावले होते तेव्हाची ओळख. पोरगा माईकवर आरती म्हणून राहिला होता अन् भोंगा शिट्ट्या मारून राहिला होता. एक म्हातारी सरळ मंडपात आली, सुती पातळ, जाड भिंगाचा चष्मा. मला म्हणे, "त्याला सांग, 'स' जरा दाताआड ठेव. तोंड माईकच्या बाजूला कर." केलं. शिट्टी बंद. तीस वर्षं भोंग्याचा धंदा करतो, ही गोष्ट मला मोठ्या मेहनतीनं कळली होती. विचारलं, "ताई, तुम्हाला कसं ठाऊक?" म्हणे, "मी बोलपट लिहीत होते."
सौंसरला सगळे त्यांना मुलींच्या शाळेच्या रिटायर बाई म्हणून ओळखतात. बोलपटाचं कोणाला ठाऊक नाही, अन् ज्याला आहे त्याचा विश्वास नाही.

१८ डिसेंबर, रवि.
सकाळच्या बसनं सौंसर. डबा दाखवला. ताईंनी उघडला नाही, नुसता हात ठेवला. "सहावं म्हणजे मोलकरणीचं भांडण," म्हणाल्या.
मग दोन तास बोलल्या. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.
नवरा रेल्वेत कारकून, बदली मुंबईला. त्याआधी नागपूरला तंबू ठोकून बसलेल्या एका नाटक कंपनीला तीन अंकी नाटक दिलं होतं, बावीस वर्षांच्या असताना. मालकानं विचारलं, "तुमच्या भावानं लिहिलं का?" ह्या म्हणाल्या, "भाऊ पहिलीत आहे." नाटक चाललं. मुंबईला त्याच मालकाच्या मेहुण्याची बोलपट कंपनी. तिथं कथा लिहिणाऱ्यांची खोली होती, पण त्यात बाई बसवणार कशी? म्हणून रंगपटात, ट्रंकेवर बसून लिहायच्या. अकरा ते पाच. नट्या तोंडाला रंग लावता लावता संवाद ऐकायच्या अन् सांगायच्या, "बाई, हे तोंडात बसत नाही." बसेपर्यंत बदलायचं.
"सगळ्यांत मोठा शत्रू कोण होता ठाऊक आहे? आवाज धरणारा. तो काचेमागून ओरडायचा, बाई, तुमचा स शिट्टी वाजवतो! नायिकेचं नाव मी सुशीला ठेवलं होतं. त्यानं मालती करायला लावलं."
हसलो खूप. धंद्यातलं माणूस भेटलं की बरं वाटतं.
निघताना मात्र त्यांनी विचारलं: "बबन, तू 'कोरं पाकीट' पाहिला आहे म्हणतोस. सुरुवातीच्या पाट्यांत माझं नाव होतं का रे?"
मी चकित. ह्यांनाच ठाऊक नाही? तर नाही. सिनेमा लागायच्या पंधरा दिवस आधी नवरा आजारी पडला, सगळं आवरून सौंसरला आल्या. डायरेक्टर म्हणाला होता, "पाट्या अजून रंगवायच्या आहेत, तुमचं नाव टाकतो बाई." पण बोलपट कंपनीच्या मालकाची सवय अशी की कथा-संवाद म्हणून स्वतःचं नाव टाकायचा. ताईंच्या पहिल्या सिनेमात तसंच टाकलं होतं. ताईंनी विचारायला पत्र टाकलं, उत्तर नाही. पुढं कंपनी बुडाली. पांढुर्ण्याला तंबू टॉकीजमध्ये तो सिनेमा आला तेव्हा ह्या बाळंतीण, दहावा दिवस. चाळीसच्या वर वर्षं झाली, आपलं नाव पडद्यावर होतं की नाही हे बाईला माहीत नाही.
मी म्हटलं, "होतं नं ताई! मी स्वतः वाचलं. एकदा नाही, बारा वेळा."
त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सौ. होतं की नुसतं वेणू?"
"नुसतं वेणू."
"बरं झालं," म्हणाल्या.

१९ डिसेंबर
बारा वेळा खरं आहे. तिगावहून रेल्वे लाइनच्या काठाकाठानं चालत येत होतो. पडद्याच्या पुढं एक आणा, मागं अर्धा. तंबूवाला पडद्यावर पाणी मारायचा म्हणजे मागूनही स्वच्छ दिसे. बापाची बकरी विकली गेली त्या महिन्यातले अर्धे आणे. संवाद आजही पाठ. ह्या दोन तालुक्यांत 'कोरं पाकीट' माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

१ जाने. ८४
राऊत मास्तर आले होते. सौंसर वाचनालयाचे सेक्रेटरी, मान तिरपी करून बोलतात. फेब्रुवारीत ताईंना पंचाहत्तर होतात, त्यांचा सत्कार ठरला आहे. मानपत्रात लिहायचं काय ह्यावर अडलं. मास्तरांनी नागपूरच्या एका प्रोफेसरला पत्र टाकलं होतं. त्यानं कळवलं, जुन्या यादीत त्या बोलपटाचा लेखक म्हणून कंपनीच्या मालकाचं नाव आहे.
मास्तर: "मतलब आम्ही 'आदर्श शिक्षिका व नाटककार' लिहू. बोलपटाचं राहू द्या. उद्या कोणी सबूत मागितला तर?"
मी: "सबूत मी आहे. मी नाव वाचलं आहे."
"बबनसेठ, तुम्ही धंदेवाले माणूस..."
"मास्तर, धंदेवाला आहे म्हणूनच सांगतो. त्या सिनेमातल्या झाडाचं पानही मला विचारा. नायक डावखुरा आहे, हे तुमच्या प्रोफेसरला ठाऊक आहे का? डाव्या हातानं पत्र लिहितो. विचारा त्याला!"
मास्तर थोडे वरमले. ठरलं: रीळ चालवू. ताई, मास्तर, मी. मग मानपत्र.

१४ जाने., संक्रांत
ऑपरेटर म्हणे जुनी फिल्म आहे, पेट घेतला तर टॉकीज जाईल. तीन दिवस बसून सांधे जोडून राहिला आहे. आकसली आहे, प्रोजेक्टरच्या दातांवर नीट बसत नाही. मी म्हटलं, हळू चालव, पण चालव.
कुसुमनं ताईंसाठी तिळाच्या वड्या पाठवल्या.

२२ जाने., रविवार
सकाळी नऊ. हॉलमध्ये आम्ही तिघं अन् कुसुम. बिडी-काडी बाहेर. वाळूच्या चार बादल्या, ओली पोती. ऑपरेटरनं हनुमानाचं नाव घेतलं.
दहा मिनिटं. मधे दोनदा तुटली.
दिवा लागला अन् आधी फक्त पाऊस, ओरखड्यांचा. मग मोलकरीण आली, कंबरेवर हात: "मी का घरची घंटी आहो, कोणीबी यावं अन् वाजवावं?"
मी सोबत बोललो. ताईही बोलल्या. एकदम, एका सुरात. कुसुम तोंडाला पदर लावून हसून राहिली होती.
ताई अंधारात म्हणाल्या, "ही माझी आई आहे. बोलणं पूर्ण तिचं. डायरेक्टर म्हणाला, ही कुठली मराठी? मी म्हटलं, आगगाडीत बसा अन् चोवीस तास झोपा, जाग येईल तिथली."
मास्तर कोरडे: "पण बबनसेठबी बोलून राहिले होते सोबत. पाठ असणं म्हणजे लिहिणं नाही."
बरोबर बोलला माणूस. मग माझे कान कामाला आले. नायिका पत्र लिहायला बसते तो तुकडा ऑपरेटरला पुन्हा लावायला सांगितला. "मास्तर, डोळे मिटा. अक्षर ऐका." ती म्हणते: "पत्र मी लिहीन, पत्ता तुम्ही टाका. घर कुणाचं ते टपालवाला ठरवील." पुढं अजून सात-आठ वाक्यं. "स किती आले?"
मास्तरांनी मोजले. एक. तोही शेवटी.
"आता मोलकरणीचं ऐका. तिच्यात तर एकही नाही. मास्तर, मराठीत स टाळून पाच मिनिटं भांडून दाखवा तुमच्या घरी! हे कोणी मालकानं गादीवर बसून लिहिलेलं नाही. हे आवाजवाल्याच्या शिव्या खाल्लेल्या माणसानं लिहिलं आहे."
मास्तर: "हे मात्र खरं हो." ताईंकडे वळून हात जोडले. मास्तर वाकले म्हणजे मोठी गोष्ट.
इथंच थांबायला पाहिजे होतं. पण रिळाच्या शेवटी नायक आला, टेबलाशी बसला, दौतीत टाक बुडवला. उजव्या हातानं.
मास्तर: "बबनसेठ?"
चाळीस वर्षं डावखुरा होता तो माणूस.
ताईंनी वळून पाहिलं. पहिल्यांदा एवढ्या हसल्या, खोकला आला. "अरे बबन! तू मागं बसत होतास!"
सगळे हसले. मीही. कुसुम तर पाणी आणायला उठली ती हसत हसतच. पडद्यामागचा प्रेक्षक म्हणजे काय ते मी मास्तरांना समजावून सांगितलं. अर्धा आणा, उलटी दुनिया.
मास्तर हसणं आवरून: "मंग नाव बी उलटंच दिसलं असेल?"
"उलटंच वाचलं. पोस्टरवाला माणूस मी, मला उलटं-सुलटं सारखंच."
झटकन बोललो. तोंड माझं कधी मला दगा देत नाही.

२३ जाने.
दुपारचा खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यामागं गेलो, स्पीकरच्या पेटीजवळ. ऑपरेटरला म्हटलं, जाहिरातीच्या स्लाइडा लाव. धूर काढू नये, थुंकू नये, कापड कोणाकडून घ्यावं. पडद्याच्या भोकांतून पुसट दिसतं, उलटं. ह्या सगळ्या स्लाइडा मीच लिहून घेतल्या आहेत, तरी एक एक अक्षर जुळवायला वेळ लागला. पाट्या तर पडद्यावर किती टिकतात? पाच-सहा सेकंद.
कुसुमनं बाहेरून विचारलं, "काय शोधून राहिले तिथं?"
"उंदीर."

२९ जाने., रवि.
मास्तरांनी मानपत्राचा मसुदा पाठवला. चांगला लिहिला आहे, चार ओळी जड. 'रंगभूमीवर चार नाटके, दोन बोलपटांचे संवाद'. अन् मग एक ओळ: 'ज्यांचे नाव रुपेरी पडद्यावर झळकले'. खाली पेन्सिलीनं, माझ्यासाठी: 'ही ओळ तुमच्या भरवशावर.'
ताईंनी लिहिलं हा माझ्या कानांचा भरवसा. त्यावर मी टॉकीज गहाण ठेवतो. नाव झळकलं हा...
'ठीक' लिहून परत पाठवला.

१२ फेब्रु., रविवार
सत्कार. सौंसर, वाचनालयाचं अंगण. चार भोंगे, एक माईक, सकाळपासून मी शिडीवर. तिकडं व्हिडिओवाल्यानं नवा पिक्चर लावला होता, तरी माणसं इकडं आली. खुर्च्या कमी पडल्या, सतरंज्या मागवल्या.
सगळ्या बाया! मुलींच्या शाळेत ताईंनी दरवर्षी गॅदरिंगला एक नवं नाटक लिहून बसवलं, सव्वीस वर्षं. त्या पोरी आता आयाच काय, आज्या व्हायला आल्या. मास्तरांनी भाषणात सहज म्हटलं, "बाईंच्या नाटकातलं कोणाला काही आठवतं का?" तर रामाकोन्याची एक दांडगी बाई उभी राहिली, कडेवर नातू: "महाराज, तुमचा मुकुट वाकडा आहे अन् निकालबी!" मागून दुसरी: "सरळ करा, नाही तर उतरवा!" मग तिसरी, चौथी. एका बाईला पुढचं आठवेना तर ताईंनीच खुर्चीतून हळूच सांगितलं. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.
मी मशीनजवळ. काटा पाहून राहिलो होतो, आवाज कुठं फाटत नाही ना. डोळे भरले तर काटा दिसत नाही.
मानपत्र वाचलं. 'नाव रुपेरी पडद्यावर झळकले' ह्या ओळीला टाळ्या. ताईंनी मान खाली घातली होती, वर केली, गर्दीत नेमकं माझ्याकडे पाहिलं.
भाषणात त्या एवढंच म्हणाल्या: "मी मुंबईत दोन बोलपट लिहिले अन् सौंसरला सव्वीस नाटकं. लोक मला दोनांसाठी हार घालून राहिले आहेत. हरकत नाही. पण ह्या पोरींना मी जास्त पाठ आहे."
खूप बरा दिवस गेला. परतीच्या बसमध्ये कुसुम म्हणे, "तुम्ही आज एकही थाप मारली नाही." म्हटलं, मशीनजवळ होतो.

१९ फेब्रु.
ताईंकडे मानपत्र टांगायला गेलो. काचेची चौकट इथल्या सुताराकडून करून नेली. खिळा मी ठोकला. त्या म्हणाल्या, "जरा वर. मला मान उचलून वाचायची आहे."
चहा. मागं मी पाठवलेली चिठ्ठी टेबलावर होती, ती हातात घेतली. "बबन, तुझं अक्षर मोठं सुरेख आहे रे. कोणत्या शाळेतलं?"
"शाळा कुठली ताई. यादव पेंटरकडे पोस्टरं चिकटवायला होतो, त्यानं शिकवलं. जुन्या पोस्टरच्या पाठीवर, ब्रशनं."
"म्हणूनच इतकं ठळक." मग बशीत चहा ओतत, सहज: "केव्हाची गोष्ट ही?"
रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. म्हटलं, "गाडी आली ताई, निघतो."
अर्धा तास स्टँडवर उभा होतो. ती बस छिंदवाड्याची होती, माझी नव्हती.

२६ फेब्रु., रवि.
कादरभाईचं कार्ड. कोणाकडून लिहून घेतलं आहे. गोदाम बदलताना अजून एक डबा निघाला, त्याच सिनेमाचा. वर १ लिहिलं आहे. उघडला नाही. कधी येता?
१ म्हणजे पाट्या.
कुसुमला दाखवलं. वाचून परत दिलं. संध्याकाळी पाहतो तर ओसरीत संत्र्यांची रिकामी पेटी धुऊन वाळत ठेवली होती.

२९ फेब्रु.
राहवलं नाही, सौंसरला जाऊन ताईंना कार्ड वाचून दाखवलं. ऐकलं. मानपत्राकडे पाहिलं. म्हणाल्या, "पाट्यांत काय आहे ते तुला ठाऊकच आहे नं? बारा वेळा वाचलंस. मग पायपीट कशाला?"
थट्टा होती की नव्हती, माझ्यासारख्या कानाच्या माणसालाही कळलं नाही. आवाज एकदम सरळ.
मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं ताई."
"मी कशाला म्हणू? मला तर आता नाव आहे." मग दारापर्यंत आल्या. "पण गेलासच तर संत्री मृग बहाराची ने. आंबियाची संपली असतील."

१ मार्च ८४, गुरुवार
बागेतून एक पेटी मृगाची आली. ओसरीत आहे. नागपूरची पॅसेंजर सकाळची. कुसुमला ह्या वेळी थाप मारलेली नाही, तिनंच विचारलं, "डबा दाखवाल का त्यांना, कसाबी निघाला तरी?" म्हटलं, पाहू.
तंबू पांढुर्ण्याला आला त्या साली मी अकरा वर्षांचा होतो. यादव पेंटरकडे लागलो चौदाव्या वर्षी. त्याआधी मला वाचता येत नव्हतं.